कौल मानणे आणि कौल पटणे

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले आणि देशाने युरोपीय संघातून बाहेर पडावे असा कौल मतदारांनी दिला. बाहेर पडण्याच्या बाजूने १ कोटी ७४ लाखांवर मते पडली, राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाखांवर. शेकडेवारीत सांगायचे तर ५१.९ विरुद्ध ४८.१. या घटनेला आता सुमारे एक दशक झाले. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून रीतसर बाहेरही पडला. तथापि तो निकाल मानायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा वाद त्या देशात, विशेषतः तेथील मजूर पक्षात, मिटलेला नाही. जनतेने कौल दिला, आता कोणी ब्र काढू नये, असे एक पक्ष म्हणतो. खोट्या प्रचारावर मिळवलेला, निसटत्या बहुमताचा आणि मुळात बंधनकारक नसलेला हा निकाल मानण्याचे कारणच नव्हते, असे दुसरा म्हणतो. दोघेही लोकशाहीचाच हवाला देतात. म्हणूनच या वादाची छाननी समाजवाद्यांनी करणे अगत्याचे आहे.

मराठीत ‘मानणे’ आणि ‘पटणे’ ही दोन क्रियापदे वेगळी आहेत. खालच्या कोर्टाचा निवाडा पटला नाही तरी तो मानावा लागतो, आणि मानला म्हणून अपिलाचा हक्क जात नाही. ब्रिटनमधील बहुतेक गोंधळ या दोन क्रियापदांची गल्लत केल्यामुळे झाला. जिंकलेल्यांनी मागणी केली की हरलेल्यांना निकाल पटलाही पाहिजे. हरलेल्यांनी, पटला नाही म्हणून तो मानायचाही नाही, असा पवित्रा घेतला.

हरलेल्यांच्या आक्षेपांत तथ्य नव्हते असे नाही. सार्वमताच्या २०१५ च्या कायद्यात निकाल सरकारवर बंधनकारक असल्याचे कलम नव्हते, हे खरे. पण त्याच सरकारने ९० लाखांहून अधिक पौंड खर्चून घरोघरी पत्रक पाठवले आणि तुम्ही ठरवाल त्याची अंमलबजावणी होईल, असे त्यात वचन दिले. कॉमन्स सभागृहाने त्या विधेयकाच्या दुसऱ्या वाचनाला ५४४ विरुद्ध ५३ मतांनी संमती दिली होती. हा केवळ सल्ला आहे, हे मतदानापूर्वी ज्यांनी ठणकावून सांगितले नाही, त्यांनी मतमोजणीनंतर ते सांगणे मतदाराला फसवल्यासारखेच होते.

किमान मर्यादेचेही तेच. अशी मर्यादा घालता येते आणि ब्रिटनने ती पूर्वी घातलीही होती. १ मार्च १९७९ रोजी स्कॉटलंडच्या स्वतंत्र विधिमंडळाच्या प्रश्नावर ५१.६ टक्के मतदान अनुकूल झाले. पण एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी ४० टक्के अनुकूल हवेत अशी अट होती, आणि ती पुरी न झाल्याने योजना बारगळली. त्या महिन्याच्या अखेरीस कॅलहन यांचे मजूर सरकार अविश्वासाच्या ठरावावर एका मताने पडले. ती अट न्याय्य होती की नव्हती याबद्दल मतभेद होऊ शकतो. परंतु ती आधी ठरली होती. खेळ संपल्यावर नियम बदलता येत नाहीत.

उरला खोट्या प्रचाराचा मुद्दा. दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ही बसगाडीवर रंगवलेली थाप होती आणि ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने ती दिशाभूल करणारी ठरवली होती. बाहेर पडण्याच्या बाजूच्या अधिकृत प्रचारसंस्थेला खर्चाचे नियम मोडल्याबद्दल २०१८ साली ६१ हजार पौंड दंडही झाला. पण दुसऱ्या बाजूनेही ब्रिटिश अर्थखात्याच्या नावाने भाकीत करविले होते की नुसता कौल लागताच वर्षभराची मंदी येईल आणि ५ लाख लोक बेकार होतील. तसे काही घडले नाही. प्रचारात खोटे बोलले गेले म्हणून मतदान रद्द करायचे ठरवले, तर जगातली कोणती निवडणूक शाबूत राहील? कायदा मोडणाऱ्याला कायद्याने शिक्षा व्हावी. मतदाराला शिक्षा का?

आणि हा मतदार कोण होता? दक्षिण वेल्समधील एबू व्हेल हे खाणी आणि पोलाद यांच्या जोरावर वाढलेले गाव. १९२९ पासून १९६० पर्यंत येथून अन्यूरिन बेव्हन निवडून येत, ज्यांनी १९४८ साली ब्रिटनची मोफत राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी केली. त्यांच्यामागून मायकेल फूट येथूनच पार्लमेंटात गेले. २००२ साली येथला पोलादाचा कारखाना बंद पडला. त्यानंतर युरोपीय निधीतून या खोऱ्यात रस्ते सुधारले, रेल्वे पुन्हा सुरू होण्यास मदत झाली, शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. तरी ज्या ब्लाएनाइ ग्वेंट भागात हे गाव येते, तेथे ६२ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. वेल्समधले हे सर्वांत मोठे प्रमाण. लंडनच्या सुशिक्षित वर्तुळांत याचा अर्थ कृतघ्नता आणि अज्ञान असा लावला गेला.

अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला तरी यात आश्चर्य वाटू नये. निकोलस कॅल्डॉर हे नाव भारतात १९५६ च्या करसुधारणा अहवालामुळे परिचित आहे. त्यांनी १९३९ साली असा निकष मांडला की एखाद्या धोरणात ज्यांना लाभ झाला ते, ज्यांची हानी झाली त्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील, तर ते धोरण इष्ट समजावे. खुल्या व्यापाराचे समर्थन बहुधा याच निकषावर केले जाते. यातली मेख ‘शकत असतील’ या शब्दांत आहे. भरपाई होऊ शकते एवढे दाखवून अर्थशास्त्री घरी जातो. भरपाई प्रत्यक्षात करण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. लाभ थोडाथोडा सर्व देशात पसरतो आणि हानी एकाच खोऱ्यात साचते. पोलादाच्या कारखान्यात कुशल कामगार म्हणून मानाने मजुरी घेणाऱ्या माणसाला रस्त्याकडेची निळी पाटी दाखवून युरोपने तुझ्यासाठी काय केले हे सांगणे म्हणजे भरपाई नव्हे. खुद्द कॅल्डॉर १९७१ च्या सुमारास ब्रिटनच्या सामायिक बाजारपेठेतील प्रवेशाच्या विरोधात होते, आणि ब्रिटनमधले उद्योग मागे पडलेले भाग आणखी मागे पडतील अशी भीती त्यांना वाटत होती. कारखाना बंद पडण्याचा सगळा दोष युरोपच्या माथी मारणे चूकच. त्यात लंडनच्या सरकारांचा वाटा मोठा होता. परंतु सार्वमताच्या कागदावर मतदाराला लंडनच्या सरकारविरुद्ध मत देण्याची वेगळी चौकट नव्हती. कामगारांच्या नावाने राजकारण करणाऱ्यांनी अशा मतदाराला, तुझे मत मोजण्याच्या लायकीचे नाही, असे सांगितले तर त्याने पुन्हा त्यांच्या दारात का यावे?

तेव्हा निकाल मानला पाहिजे होता. पण किती? येथे जिंकलेल्यांची लबाडी सुरू होते.

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. उजवी पाकळी पडली की होकार. हा कौल लावणारा जाणता गुरव प्रश्न फार जपून विचारतो, कारण देव विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. न विचारलेले त्याच्या तोंडी घालता येत नाही. १६ जानेवारी १९६७ च्या गोव्यातील जनमत कौलाने हेच दाखवून दिले. महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश, एवढेच विचारले गेले. विलीनीकरणाच्या विरुद्ध १ लाख ७२ हजार मते पडली, बाजूने १ लाख ३८ हजार. घरेदारे दुभंगावीत इतकी कटुता त्या प्रचारात होती. तरी कौल लागल्यावर दोन-अडीच महिन्यांत झालेल्या निवडणुकीत हरलेल्या बाजूचे नेते भाऊसाहेब बांदोडकर यांना त्याच मतदारांनी पुन्हा सत्तेवर बसवले, आणि कौल मात्र कायम राहिला. तिसरा पर्याय, म्हणजे स्वतंत्र घटकराज्य, मतपत्रिकेवर नव्हता. म्हणून तो फेटाळला गेला असे कोणी म्हटले नाही. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले.

ब्रिटनमध्ये विचारले होते ते इतकेच: संघात राहायचे की बाहेर पडायचे. बाहेर पडल्यावर युरोपशी एकत्र जकातव्यवस्था ठेवायची का, नॉर्वेप्रमाणे सामायिक बाजारपेठेत राहायचे का, आयर्लंडच्या सरहद्दीचे काय, यांपैकी काहीही विचारलेले नव्हते. ही सर्व उत्तरे पार्लमेंटने द्यायची होती. पण जकातव्यवस्था टिकवू म्हणणाराही जनतेच्या इच्छेचा द्रोही ठरू लागला. सरकारला पार्लमेंटची संमती घ्यावी लागेल, असा निवाडा न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये देताच एका मोठ्या वृत्तपत्राने न्यायाधीशांना जनतेचे शत्रू म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा ८ विरुद्ध ३ मतांनी कायम केला. पुढे २०१९ मध्ये पंतप्रधान जॉन्सन यांनी पार्लमेंटच तहकूब केले, आणि ११ न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरवले. १९४५ साली चर्चिल यांनी सार्वमताची सूचना केली तेव्हा मजूर पक्षाचे नेते ॲटली यांनी, हे नाझी आणि फॅसिस्टांचे हत्यार आहे, असे सांगून ती धुडकावली होती. त्यांचा रोख याच प्रकाराकडे होता: एकदा जनतेची मोहोर मिळवायची आणि मग तिच्या नावावर वाटेल तो मजकूर भरायचा.

सौम्य तोडगा निघू शकला असता. १ एप्रिल २०१९ रोजी कॉमन्समध्ये एकत्र जकातव्यवस्थेचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६ अशा अवघ्या तीन मतांनी पडला. त्याच संध्याकाळी, कोणताही करार जनतेपुढे ठेवावा, हा प्रस्ताव बारा मतांनी पडला. निकाल उलटवण्याच्या आशेवर असलेल्या अनेकांना तडजोड नको होती, कडव्यांना तर नव्हतीच. दोघांच्या हट्टातून शेवटी सर्वांत कठोर स्वरूपाचे बाहेर पडणे देशाच्या वाट्याला आले.

दुसरे सार्वमत मागणे लोकशाहीविरोधी होते काय? डेन्मार्कने १९९२ साली नकार दिला आणि सवलती मिळाल्यावर १९९३ साली होकार. आयर्लंडने २००१ आणि २००८ साली नाकारलेले करार पुढे पुन्हा विचारून मंजूर झाले. फ्रान्स आणि नेदरलँड्सने २००५ साली युरोपीय संविधान फेटाळले, तर त्याचाच बराचसा मजकूर लिस्बन कराराच्या रूपाने परत आला आणि तेथील जनतेला पुन्हा विचारले गेले नाही. ग्रीसमध्ये जुलै २०१५ मध्ये ६१ टक्क्यांनी नकार दिला, आणि आठवडाभरात त्यांच्याच सरकारने सावकारांच्या अटी पत्करल्या. या इतिहासामुळे, हवे ते उत्तर येईपर्यंत विचारत राहतात, हा संशय एबू व्हेलच्या मतदाराने बाळगला तर तो निराधार नव्हता. प्रश्न नवा असेल तर पुन्हा विचारणे रास्त. जुनाच प्रश्न जुन्या उत्तराच्या रागाने विचारणे रास्त नव्हे. मजूर पक्षाने हा भेद कधी स्पष्ट केला नाही. २०१७ साली निकाल मान्य आहे असे सांगून त्याने ४० टक्के मते मिळवली. २०१९ साली नवा करार, त्यावर नवे सार्वमत आणि नेता तटस्थ, असे धोरण घेऊन तो मतदारांपुढे गेला आणि २०२ जागांवर आला. १९३५ नंतरची ही त्याची नीचांकी संख्या. बोलसोव्हरच्या खाणकामगारांनी १९७० पासून निवडून दिलेले डेनिस स्किनर त्यात पडले, आणि ते स्वतः तर बाहेर पडण्याच्या बाजूचे होते!

सरळ मार्ग या पक्षाला ठाऊक नव्हता असे नाही. ५ जून १९७५ च्या पहिल्या सार्वमतात ६७ टक्क्यांनी बाजारपेठेत राहण्याचा कौल दिला. मायकेल फूट, टोनी बेन हे मंत्री विरुद्ध बाजूने लढले, हरले आणि मंत्रिमंडळात राहिले. मत मात्र त्यांनी सोडले नाही. १९८३ साली फूट यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने बाहेर पडण्याचे वचन जाहीरनाम्यात छापून उघडपणे मते मागितली. दारुण पराभव झाला. परंतु कोणाची फसवणूक झाली नाही. २०१६ साली जिंकलेल्या हुजूर पक्षीयांनीही १९७५ चा कौल ४१ वर्षे आपल्याला पटवून घेतला नव्हता. इतरांना दहा वर्षांत गप्प बसा म्हणण्याचा अधिकार त्यांना कोठून आला?

२०२४ साली सत्तेवर येताना मजूर पक्षाने सामायिक बाजारपेठेत, जकातव्यवस्थेत किंवा मुक्त संचाराच्या व्यवस्थेत परतणार नाही, असे जाहीरनाम्यात लिहून दिले. पराभवाने पोळलेला पक्ष ताकही फुंकून पिणार, हे समजण्यासारखे आहे. मात्र बाहेर पडल्यामुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील असे ब्रिटनचे स्वतंत्र अर्थसंकल्पीय कार्यालय धरून चालते. स्थलांतर घटवण्याचे वचन दिलेल्या राजवटीत जून २०२३ पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांवर गेले. हे बोलणे म्हणजे कौल झिडकारणे नव्हे. एबू व्हेलला काय मिळाले याचा हिशेब मागण्याचा पहिला हक्क तेथील मतदाराचाच आहे, आणि तो हिशेब मांडण्याचे काम त्याच्या पक्षाचे आहे.

ज्या उत्तर आयर्लंडने २०१६ साली ५६ टक्क्यांनी राहण्याच्या बाजूने मत दिले, तेथे वस्तूंच्या व्यापाराला युरोपचे नियम लागू ठेवावे लागले. पण ते चालू ठेवायचे की नाही हे ठराविक मुदतीने तेथील विधिमंडळाला विचारायचे, असे करारातच लिहिले गेले. १० डिसेंबर २०२४ रोजी पहिल्यांदा तसे मतदान झाले आणि ४८ विरुद्ध ३६ मतांनी संमती मिळाली. युनियनवादी सदस्यांनी विरोधात मत दिले. दोन्ही समाजांची संमती नसल्यामुळे नियमाप्रमाणे आठ नव्हे, चार वर्षांनीच हा प्रश्न पुन्हा विधिमंडळापुढे येईल. विरोधकांना निकाल पटलेला नाही, आणि पुढच्या मतदानाची तयारी त्यांना आजपासून करता येते.