पुन्हा पाहिलेला 'स्क्रूज'

डिसेंबरअखेर चंडीगढवर दाट धुके उतरले की चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मधील (१८४३) लंडन फारसे परके वाटत नाही. वसईच्या मराठी ख्रिस्ती वाचकाला नाताळ घरचा, ते धुके मात्र कल्पनेनेच उभे करावे लागते. या दिवसांत ब्रायन डेस्मंड हर्स्ट दिग्दर्शित 'स्क्रूज' (१९५१) हे त्या कथेचे चित्ररूपांतर पुन्हा पाहणारे रसिक आहेत. कंजूष स्क्रूजचे हृदयपरिवर्तन होणार हे त्यांना ठाऊकच असते. त्यामुळे लक्ष जाते ते पटकथाकार नोएल लँगली यांनी पदरचे काय घातले याकडे. मूलनिष्ठेचा कैवारी समीक्षक नेमका यालाच दोष देईल. तो मान्य करणे कठीण आहे.

मूळ कथेत स्क्रूजची धाकटी बहीण फॅन एक मुलगा मागे ठेवून वारली, एवढेच दोन-चार वाक्यांत येते; स्क्रूज अस्वस्थ होतो आणि डिकन्स पुढे सरकतो. चित्रपट तेथेच थांबतो. त्यात फॅन थोरली आहे. स्क्रूजच्या जन्मावेळी आई दगावली म्हणून बाप त्याचा राग करतो. पुढे फॅनही बाळंतपणात जाते आणि स्क्रूज भाच्याचा तसाच राग करू लागतो. मरणोन्मुख बहीण मुलाला सांभाळण्याची विनवणी करते, तेव्हा तरुण स्क्रूज खोलीबाहेर गेलेला असतो; ते शब्द वृद्ध स्क्रूजच्या कानी प्रथमच पडतात. ॲलिस्टर सिम यांचा चेहरा या क्षणी पाहावा. डिकन्सने न लिहिलेले हे दृश्य त्यानेच नोंदलेल्या अस्वस्थतेचे वाचन आहे.

एक आक्षेप मात्र उरतो. गरीब मेले तर लोकसंख्या तरी घटेल असे म्हणणारा मूळ स्क्रूज हा दुखावलेल्या मुलाचा नव्हे, एका अर्थशास्त्राचा आवाज आहे. त्याच्या निष्ठुरतेचे घरगुती कारण सापडले की प्रेक्षक क्षमा करून मोकळा होतो. जॉर्किन हा नवा व्यापारी आणून, अफरातफरीने अडचणीत आलेली कंपनी स्क्रूज आणि मार्ले कशी बळकावतात, हेही लँगली दाखवतात. परंतु तो भाग घाईचा वाटतो.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'तील ४२ रात्रींपैकी आचार्य अत्रे यांच्या चित्रपटात (१९५३) काय गळले, याची यादी करणे सोपे आहे. वनमालाबाईंनी त्या आईचा कोणता अर्थ लावला, हे विचारणे अधिक फलदायी ठरावे.

'स्क्रूज'च्या अखेरीस तो भाच्याच्या घरी घुटमळतो, मोलकरीण मानेनेच आत जाण्याची खूण करते, आणि तो भाचेसुनेची क्षमा मागतो. पुस्तकात ही क्षमायाचना नाही.