९६ टक्क्यांचा कान

कानाची परीक्षा घेणं आणि कान तयार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढं मान्य असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. (नातेवाईक मंडळींनी मात्र शेवटपर्यंत वाचावं. त्यांच्यासाठीच लिहितोय.)

तर झालंय असं, की मोबाईलवर 'कान तयार करून देणारी' ॲप्स निघाली त्याला आता बरीच वर्षं झाली आणि ती आपल्या घराघरात पोचली आहेत. एक सूर वाजतो, मग दुसरा, खाली बारा बटणं. बरोबर दाबलं की हिरवं, चुकलं की लाल. शेवटी टक्के. मागच्या महिन्यात आमच्या पुतणीचे ९६ टक्के घरच्या ग्रुपवर झळकले, अंगठ्यांचा पाऊस पडला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी प्रश्न आला : आता घरातला तो मोठा तंबोरा हवाय कशाला? सगळं मोबाईलवर आहे की. जागा अडते, विकून टाकू.

आधी एक कबूल करतो. पियानो किंवा गिटार शिकणाऱ्याला ही ॲप्स खरंच उपयोगी आहेत, कारण ती त्याच संगीतासाठी बनली आहेत. त्यातही काही ॲप्स आधी आधारस्वर कानात बसवतात आणि मग 'हा सूर त्यातला कितवा' असं विचारतात. ती तर आपल्या पद्धतीच्या बरीच जवळची. माझं भांडण ॲपशी नाहीच. ख्याल शिकणाऱ्या पोरीच्या हातात ते देऊन 'झाला कान तयार' म्हणणाऱ्यांशी आहे.

ॲपमधला गंधार कुठला आहे हे कुणी विचारलंय का? सप्तकाचे १२०० सेंट मानले तर पियानोच्या बारा पट्ट्या सारख्या १००-१०० सेंटवर बसवलेल्या असतात. म्हणजे शुद्ध गंधार ४०० वर. आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो असतो ३८६ वर. चौदा सेंटचा फरक. 'एवढ्याने काय होतंय' असं म्हणणाऱ्यांसाठी हिशेब : काळी एकच्या खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झ, तिचा पाचवा स्वरांश साधारण ३४६. पियानोचा त्या जागेचा सूर ३४९. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे ऐकू येतात. ते ऐकू आले नाहीत तर कान अजून तयार व्हायचा आहे, टक्के कितीही असोत. आणि ॲपचा गंधार पाठ करून पोरगी तंबोऱ्यावर गायला बसली तर 'चढतेय' म्हणून बोलणी कोण खाणार? तीच.

हा वाद काही मोबाईलने आणलेला नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं ते याच चौदा सेंटांसारख्या फरकांच्या काळजीपोटी. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती, त्यातही हे एक कारण होतंच. (बंदी मला पटत नाही. पेटीशिवायची मैफल मलाही ओकीबोकी वाटते. पण निदान त्या लोकांना फरक ऐकू येत होता!)

बरं, गंधार सोडा. भूप आणि देशकार घ्या. सूर तेच पाच, बटणं तीच पाच. ॲपमध्ये शंभर टक्के मिळवणाऱ्याला दोन्ही सारखेच. भूपात गंधारावर थांबायचं, देशकारात धैवतावर, आणि तो धैवत उत्तरांगातून असा काही येतो की पाच सेकंदांत जाणकार मान डोलावतो. मारवा, पूरिया, सोहनी यांचीही तीच गत. आणि दरबारीचा आंदोलित कोमल गंधार कुठल्या बटणात बसवणार? तो एका जागी उभाच नसतो हो.

आणखी एक प्रकार म्हणजे सूर दाखवणारा काटा. मूल गातंय, डोळे स्क्रीनवर, काटा मधे आला की हुश्श. यात कान कुठे आला? डोळ्यांनी सुरात आणलेला गळा काटा बंद केला की सैरभैर होतो. शिवाय मींड घेतली की काटा वेड्यासारखा नाचतो, म्हणून पोरं मींडच टाळायला लागतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कान तयार होतो तो तंबोरा जुळवताना. जोडीच्या दोन तारा छेडायच्या. एक १३८, दुसरी १४० वर असेल तर सेकंदाला दोन हेलकावे. खुंटी किंचित पिळली की ते लांबत जातात, मग मणी सरकवायचा, आणि एका क्षणी हेलकावा थांबतो. मग घोडीवरच्या तारेखालचा दोरा केसभर हलवायचा की जवारी उघडते. इथे पर्याय दिलेले नसतात, हिरवं-लाल काही नसतं. सूर लागला की नाही हे ठरवायचं काम तुमचंच. सुरुवातीला अर्धा तास जातो, पोरं कंटाळतात, आणि तो अर्धा तास हाच खरा रियाज असतो.

तंबोऱ्याचं ॲप नकोच असं म्हणत नाहीये मी. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रात्री अकराला रियाज करणाऱ्याला, न्यू जर्सीत एकट्याने शिकणाऱ्याला ते वरदान आहे. फक्त बरा स्पीकर जोडा. मोबाईलच्या इवल्याशा छिद्रातून ६९ हर्ट्झ जवळजवळ बाहेर पडतच नाही. उरते ती नुसती किणकिण. आणि ॲपचा तंबोरा आधीच जुळलेला असतो, म्हणजे शिकायची गोष्ट नेमकी त्याने आधीच करून ठेवलेली असते.

राहता राहिला आमचा तंबोरा. मिरजेचा आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा याच ग्रुपवर 'अभिमान आहे' असं कुणीकुणी लिहिलं होतं, त्यांची नावं मी घेत नाही. तारांचा नवा संच मी आणून ठेवलाय. ज्यांना तो विकायचाय त्यांनी एकदा यावं, गवसणी काढावी आणि मोबाईल खिशात ठेवून नुसती जोड जुळवून दाखवावी. भावाचं मग बोलू.