विश्लेषण : पडद्यावरचा बल्ब खऱ्या प्रयोगाची जागा घेईल?

सेल, वायर आणि बल्ब हा शाळेतला सर्वात स्वस्त प्रयोग. आता तो मोबाइलवरही करता येतो, तोही मोफत आणि मराठीत. मग शाळांनी पैसे साहित्यावर खर्च करायचे की स्क्रीनवर?

‘फेट’ काय आहे?
नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ प्रकल्प सुरू केला. यातील सिम्युलेशन्स साध्या ब्राउझरमध्ये उघडतात. एकदा डाउनलोड केली की इंटरनेटशिवायही चालतात.

फायदा काय?
खऱ्या वायरमधून काय वाहते, ते दिसत नाही. इथे इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. शॉर्टसर्किट केले तर बॅटरी पेट घेते, पण फक्त पडद्यावर. त्यामुळे मुले न घाबरता चुका करू शकतात. कोलोरॅडोतील २००५ च्या अभ्यासात सिम्युलेशनवर शिकलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे खरे सर्किटही अधिक चांगले जोडले.

मग अडचण कुठे?
तो अभ्यास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होता. त्याचा निष्कर्ष पाचवीच्या वर्गाला जसाच्या तसा लावता येत नाही. इलेक्ट्रॉन म्हणजे खरोखरच निळे गोळे, असा लहान मुलांचा समज होऊ शकतो. शिवाय सैल जोडणी, उतरलेला सेल, बल्बची ऊब हे अनुभव पडद्यावर मिळत नाहीत.

केवळ उपकरणे आणून निकाल सुधारत नाहीत, हेही लक्षात घ्यावे लागेल. शाळांमधील तंत्रज्ञानावर मोठा खर्च करणाऱ्या देशांत वाचन, गणित आणि विज्ञानात ठळक सुधारणा दिसली नाही, असे ‘ओईसीडी’च्या २०१५ च्या अहवालात नमूद आहे.

भारतातील शाळा तयार आहेत?
‘यू-डायस प्लस’च्या २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार देशातील सुमारे ५७ टक्के शाळांत संगणक, तर सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेट होते. म्हणजे त्या वर्षी जवळपास निम्म्या शाळांसाठी हा पर्याय शिक्षकांच्या मोबाइलपुरताच उरत होता.

वापर कसा करावा?
- आधी अंदाज : दोन बल्ब एकापुढे एक जोडले तर प्रकाश वाढेल की कमी होईल, हे मुलांनी वहीत लिहावे.
- मग पडदा : सिम्युलेशनवर अंदाज तपासावा.
- शेवटी हात : तेच सर्किट खऱ्या वायरने जोडावे.

एका वर्गाला एक स्क्रीन पुरते. सेल आणि बल्ब मात्र प्रत्येक गटाच्या हातात हवेत. त्यामुळे निधी मर्यादित असेल, तर पहिला खर्च साहित्यावरच व्हायला हवा.