पडदा काळा पडला म्हणजे हिसाब बुडाला असे नव्हे

इस्लापूर, किनवट, हिमायतनगर या भागातील कापड दुकानदार, शिलाई कारागीर आणि कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाले यांच्या गल्ल्यावर आता चोपडीशेजारी लॅपटॉपही दिसतो. जीएसटीचा हिसाब, उधारीची यादी, भरतकामाची डिझाइने, सारे काही त्यातच असते. रमजान ईद किंवा लग्नसराई तोंडावर असताना तो बंद पडला तर कारागिराची मजुरीच थांबते. मेकॅनिक सांगतो, "ग्राफिक्स कार्ड गेले, बदलावे लागेल." आपण पैसे मोजतो, कार्ड बदलले जाते, आणि पडदा मात्र काळाच्या काळा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी आपले इस्लापूर सर्कल आदिलाबाद जिल्ह्यात होते. आजही आपल्या फेऱ्या कधी नांदेडला, कधी आदिलाबादला होतात. प्रत्येक फेरीत एक दिवसाचा धंदा जातो. माझे स्पष्ट मत आहे की यातील बरेच नुकसान केवळ माहिती नसल्यामुळे होते.

पहिली गोष्ट ही की, बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप मुख्य बोर्डावरच झाळलेली असते. ती कार्डासारखी काढता-घालता येत नाही. वेगळे कार्ड प्रामुख्याने काही जाड वर्कस्टेशन किंवा गेमिंग लॅपटॉपमध्ये असते. अशी वापरलेली वर्कस्टेशन मशीने डिझाइनच्या कामासाठी कारागीर घेतात. झाळलेली चिप गरम करून "चालू करून देतो" म्हणणारे भेटतात, पण तो इलाज अनेकदा काही दिवसांचा, फार तर काही महिन्यांचा ठरतो. २००८ साली एनव्हिडिया कंपनीने स्वतः जाहीर केले होते की तिच्या काही लॅपटॉप चिप सदोष निघाल्या, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली होती. जो दोष चिपच्या आत आहे, तो वरून शेक देऊन कायमचा जाणार नाही.

आता कार्ड खरोखर बदलले आहे आणि पडदा काळा आहे, असे समजू. आधी मशीन जिवंत आहे की नाही ते पाहावे. पंखा फिरतो काय? कॅप्स लॉक दाबल्यावर दिवा लागतो काय? लागत असेल तर मशीन बहुधा चालू आहे, फक्त चित्र पडद्यापर्यंत पोहोचत नाही. चार्जर आणि बॅटरी काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे व पुन्हा सुरू करून पाहावे. मग केबल लावून बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडावा. त्यावर चित्र आले तर कार्ड काम करीत आहे. दोष लॅपटॉपच्या पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये शोधावा. कुठेच चित्र नसेल तर कार्ड खाचेत पूर्ण बसले आहे काय, स्क्रू आवळले आहेत काय, उघडताना रॅम हलली काय, हे तपासावे. कंपनीचे चिन्ह दिसते आणि त्यानंतर पडदा काळा होतो, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर काढावा, नवा टाकावा. मशीन थोडा वेळ चालून बंद पडत असेल तर चिपवरील पेस्ट, पॅड आणि पंखा पाहावा.

एवढे करूनही यश आले नाही तर जुने कार्ड परत लावून पाहावे. जुन्यावर चित्र येते आणि नव्यावर येत नाही, याचा अर्थ नवे एक तर खराब आहे किंवा या मशीनचे नाही. हे कापडवाल्याला वेगळे समजावण्याची गरज नाही. शेड नंबर एका अंकाने चुकला तर थान दिसायला तेच, पण ब्लाउज साडीशी जुळत नाही. कार्डाचेही तसेच आहे. आकार तोच असला तरी मशीनचा बायोस त्याला ओळखेलच असे नाही. म्हणून मॉडेल आणि पार्ट नंबर जुळवल्याशिवाय बयाणा देऊ नये.

सौदा मात्र तोंडी नको. कुरआन शरीफमधील सर्वात लांब आयत, सूरह बकरहची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. त्यापासून आपण दुरुस्तीच्या बाबतीतही धडा घ्यावा. पावतीवर कार्डाचा नंबर, नवे की वापरलेले आणि वॉरंटीचे दिवस लिहून घ्यावेत. जुने कार्ड परत मागावे. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण हातात पावती नसेल तर तक्रारीला जोर राहत नाही.

आणि सर्वात महत्त्वाचे. हिसाब कार्डात नसतो, डिस्कमध्ये असतो. पडदा काळा असताना कोणी "फॉरमॅट करावे लागेल" म्हणाले तर साफ नकार द्यावा. डिस्क सुटी निघत असेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला जोडून फाइली मिळवता येतात. बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची किल्ली कागदावर आधीच लिहून ठेवावी. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. गिऱ्हाइकाचा आणि सरकारचा हिसाब ही आपल्याकडे असलेली अमानत आहे; तिची नक्कल दर जुम्याला बाहेरच्या डिस्कवर घेण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत.

शेवटी एक विनंती. आपल्या मुलांत हुनर कमी नाही. शिलाई मशीनचा बारीक दोष कानाने ओळखणारा मुलगा बोर्डाची दुरुस्तीही शिकेल. मोठ्या गावातील जाणत्या उस्तादाकडे वर्षभर राहण्याचा त्याचा खर्च चार-पाच दुकानदारांनी मिळून उचलावा. तो शिकून इस्लापुरात बसला, दोष आधी तपासून मग भाव सांगू लागला, तर आपल्या फेऱ्या वाचतील आणि एका घराची हलाल रोजी उभी राहील. असा खर्च वाया जात नाही.