मंडळीची वही कोणाकडे?

भाताची कापणी आटोपली, नागली खळ्यावरून घरात आली, की पेठ तालुक्यातले पाडे रिकामे होऊ लागतात. माणसं गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात जातात, तिथून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत. आपले कित्येक पाळकही त्याच पिकअपमध्ये बसतात आणि त्याच रोजावर छाटणीला जातात. मिलेत इथे पौलाने इफिसच्या वडिलांना आपले राबलेले हात दाखवले. त्या उताऱ्यावर इथे निराळं प्रवचन लागत नाही.

पण हाताला घट्टे असले म्हणजे पुढारी नम्र झाला, असं नाही. हळू बोलणारा, पंगतीत शेवटी बसणारा सेवकही मंडळीचं अर्पण आपल्याच खिशात ठेवतो आणि कोणी विचारलं तर दुखावतो. प्रार्थनाघर ज्याच्या जागेत, मंडळी त्याची, हेही आपण निमूट मान्य केलं आहे. अर्पण आणि जागा हातातून सोडण्याच्या मानाने वर्षातून एकदा पाय धुण्याचा विधी फार सोपा!

शमुवेलाचं पहिलं पुस्तक, अध्याय 12 उघडा. म्हातारा शमुवेल साऱ्या इस्राएलासमोर उभा राहून विचारतो, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणाकडून लाच खाल्ली? असेल तर राजासमोर सांगा, भरून देतो. ही आपल्याला ठाऊक असलेली सर्वात जुनी वार्षिक सभा म्हणायला हरकत नाही. मात्र याच शमुवेलाने आपल्या मुलांना न्यायाधीश नेमलं होतं, आणि आठव्या अध्यायात ती मुलं लाच खाताना दिसतात. बापाची वही स्वच्छ होती. वारस नेमताना तो चुकला. मोशेलाही दोन मुलगे होते. त्याने हात ठेवला तो यहोशवावर, तोही सगळ्या मंडळीदेखत. पाळकाचा मुलगा पाळक होऊ नये असं नाही. पण निवड मंडळीने करावी, घराने नव्हे.

नारायण वामन टिळक 1917 साली मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. मोठेपणा सोडणारा हा माणूस घरात किती तापट होता, हे नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त हसतहसत लिहून ठेवलं. त्याने टिळक लहान झाले नाहीत. आपल्यातल्या किती पुढाऱ्यांना घरातून वा बाहेरून असं कोणी तोंडावर सांगू शकतं?

तेव्हा यंदा मंडळी बागांकडे निघण्याआधीच्या रविवारी उपासनेनंतर अर्पणाची वही मोठ्याने वाचा. वाचणारा पाळकाच्या घरातला नसावा. करिंथच्या दुसऱ्या पत्रात पौलानेही वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला होता. जागेचे कागद कोणाच्या नावावर आहेत, तेही त्याच सभेत विचारून घ्या.