पाळी कुणाची, फायदा कुणाचा?

सहकारी साखर कारखान्यात सहकार नेमका कुठे असतो? शेअरच्या दाखल्यावर असतो, निवडणुकीच्या पत्रकात असतो. ज्या गोष्टीवर शेतकऱ्याचं वर्ष अवलंबून आहे त्या तोडणीच्या पाळीत तो नाही, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

कागदावर पाळी ठरते लागणीच्या नोंदीवरून. प्रत्यक्षात मागचा फड आधी तुटतो. मग एक बाजू म्हणते, वशिला बंद करा, नोंद काटेकोर पाळा. दुसरी म्हणते, कारखान्याला उतारा बघावा लागतो, गप्प बसा. माझ्या मते दोघंही चुकतात.

समजा, नोंदीत 'अ' आधी आहे. त्याच्या फडाला चार दिवस लागतात; तोड पूर्ण होईपर्यंत रोज १,००० रुपयांचं नुकसान होतं. मागच्या 'ब'चा फड एका दिवसाचा, पण त्याच्या उसाला तुरा आलाय. नुकसान रोजचं २,०००. नोंदीप्रमाणे गेलं तर दोघांचं मिळून १४,००० जातात. क्रम उलटा केला तर ७,०००. रोजचं नुकसान भागिले लागणारे दिवस; ज्याचा भागाकार मोठा, तो आधी. हा नियम वेन स्मिथ यांनी १९५६ सालीच मांडला. म्हणजे काटेकोर पाळीचा हट्ट ७,००० रुपये फडात वाळवतो.

पण वाचलेले ७,००० कुणाचे? इम्मा क्युरिएल, जॉर्जिओ पेदेरझोली आणि स्टेफ टाइस यांनी १९८९ साली रांगेचा हा प्रश्न सहकारी खेळ म्हणून मांडला. रांगेतली जागा हा 'अ'चा हक्क आहे. तो मागे सरकला म्हणूनच बचत झाली. रांगेतल्या अशा प्रत्येक अदलाबदलीचा फायदा त्या दोघांत निम्मा-निम्मा वाटला, तर कुठल्याही गटाला फुटून निघण्यात लाभ उरत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. इथे 'ब'ने 'अ'ला ४,५०० द्यावेत: १,००० वाढलेल्या नुकसानीचे, ३,५०० वाट्याचे. दोघंही ३,५०० रुपयांनी वर येतात.

आज पुढे सरकण्याचे पैसे दिले जात नाहीत असं थोडंच आहे? 'खुशाली', 'एन्ट्री' म्हणून ते मोजले जातात. फक्त 'अ'च्या हाती पडत नाहीत. तोडणी कामगाराची मजुरी तुटपुंजी आहे, ती दरातच वाढवा. मागे ढकललेल्याच्या खिशातून नको. त्यात एफआरपी ठरते कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. चांगला ऊस आधी आणून वाढलेला उतारा सगळ्यांच्या दरात मिसळतो, आणि थांबलेल्याचं घटलेलं वजन त्याच्या एकट्याच्या पावतीवर चढतं. आमचा खोडवा मागे ढकलला तेव्हा मला कारण सांगण्यात आलं. भरपाईचा शब्दही निघाला नाही.

लोक नुकसानीचा आकडा फुगवतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तो त्यांना विचारूच नका. उसाची जात, लागणीची तारीख, लागण की खोडवा, हे सगळं शेतकी खात्याच्या नोंदीत असतं. ब्रिक्स फडातच रिफ्रॅक्टोमीटरवर मोजता येतो. त्यावरून प्रत्येक गटाचा दर काढा आणि हंगामाआधी जाहीर करा.

येत्या वार्षिक सभेत सभासदांनी एवढंच मागावं: पाळी बदलली की कोण पुढे गेलं, कोण मागे राहिलं आणि त्याला किती रुपये मिळाले, हे गट ऑफिसच्या फळ्यावर त्याच दिवशी लागलं पाहिजे. ज्यांना हे नको असेल, त्यांनी उभं राहून कारण सांगावं.