‘हृदयक्रिया बंद पडून’ हे मृत्यूचे कारण नव्हे



मत्रहच्या बंदरात वा बांधकामावर राबणारा आपला एखादा बांधव अकाली जातो, तेव्हा गावी त्याच्या देहासोबत एक कागद पोहोचतो. त्यावर पुष्कळदा ‘हृदयक्रिया बंद पडून नैसर्गिक मृत्यू’ एवढेच लिहिलेले असते. उमेदवारीच्या काळात घाईगर्दीत अशी प्रमाणपत्रे मीही लिहिली आहेत, हे कबूल केले पाहिजे. वस्तुतः प्रत्येक मृत्यूत हृदय बंद पडतेच. प्रमाणपत्रात नोंदवायचे असते ते मूळ कारण; मग तो उष्माघात असो, मधुमेह असो वा उंचावरून पडणे असो.

अशा चुकीच्या नोंदी संख्याशास्त्रज्ञ टाकून देत नाहीत. वय, लिंग व प्रदेश पाहून ते त्या संभाव्य मूळ कारणांत प्रमाणशीर वाटून देतात. भारतात तर २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. जेथे प्रमाणपत्रच नाही, तेथे घरच्यांना लक्षणे विचारून कारण ठरवावे लागते. गडचिरोलीत काम करणारे डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली बालमृत्यूंसाठी असे निकष सुचविले. पुढे डॉ. प्रभात झा यांच्या ‘दशलक्ष मृत्यू अभ्यासा’त प्रत्येक जबानी दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासली व मतभेद न मिटल्यास तिसऱ्या ज्येष्ठ डॉक्टरांनी निर्णय दिला. या अभ्यासातून २०१० साली मलेरियाच्या वार्षिक बळींचा अंदाज सुमारे २,०५,००० निघाला. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता केवळ १५,०००! त्यावर वाद झाला खरा. परंतु खेड्यापाड्यांत घरीच मरणारा माणूस सरकारी गणनेत येत नाही, हे उघड झाले.

तथापि एक मर्यादा विसरता कामा नये. गणिताने बेरीज सुधारते; एकट्या माणसाचा कागद सुधारत नाही. आखाती देशांतील स्थलांतरित कामगारांच्या निम्म्याहून अधिक मृत्यूंचे खरे कारण स्पष्ट होत नाही, असे २०२२ सालच्या ‘व्हायटल साइन्स’ अहवालाने म्हटले आहे. कारणच अस्पष्ट असेल, तर विधवेने भरपाई कशाच्या आधारे मागावी? आणि उन्हातील कामाच्या वेळा तरी कोण बदलणार?

म्हणून प्रत्येक कुटुंबाने आजाराचे व औषधांचे कागद जपून ठेवावेत. दुर्दैवाने प्रसंग ओढवलाच, तर कागद हाती घेण्यापूर्वी डॉक्टरांना नम्रपणे, पण ठामपणे विचारावे, ‘हृदय बंद पडले, पण ते कशामुळे?’ आणि माझ्या व्यवसायबंधूंनी या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहावे.